माझ्या मुलाला गणवेश घालू नये

मी, श्रीमती मंगैयर्करसी सिवपादम, वय वर्षे पंचाहत्तर, निवृत्त शिक्षिका, मूळ राहणार मयिलिट्टी, जाफना, हल्ली मुक्काम स्कारबरो, टोरोंटो, माझ्या मागे काय कोणाचं व काय कोणाचं नाही ते या लेखाने ठरवून ठेवते. माझे गुडघे कामातून गेले आहेत, डाव्या कानाने ऐकू येत नाही, परंतु डोकं शाबूत आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. तो मुद्दाम घेतला, कारण हा लेख वाचून झाल्यावर मला अण्णी, म्हणजे वहिनी, म्हणणारे माझे दीर कुगदासन "अण्णी शेवटी भ्रमिष्ट झाल्या होत्या" असं सांगणार, हे मला आजच ठाऊक आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. आणण्याचा प्रयत्न पुष्कळांनी केला. त्यांची नावं ओघाने येतील.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी माझी मुलगी वानदी हिने करावी. तिला हे काम आवडणार नाही. "अम्मा, आता सोड ना," हे तिचं आवडतं वाक्य आहे. ती वाईट मुलगी नाही, दमलेली आहे.

कलम पहिले. माझा राहता फ्लॅट, आतील सामानासह, वानदीला मिळावा. इडिअप्पम करायचा लाकडी सोऱ्या नात निला हिला द्यावा. तिला तो वापरता येत नाही, पण ती विचारते तरी. एकदा मी तिला म्हटलं, "शाळेत कुणी विचारलं तर तू कुठली म्हणून सांगतेस?" तर म्हणाली, "श्रीलंकेची म्हटलं की धाकटे आजोबा रागावतात. तमिळ ईळमची म्हटलं की बाईंना तो देश नकाशात सापडत नाही. मी आपली स्कारबरो सांगते, अम्मम्मा." आमच्या सगळ्या राजकारणाचा इतका नेमका गोषवारा मी दुसरीकडे ऐकला नाही.

कलम दुसरे. मयिलिट्टी येथील माझ्या वडिलांकडून आलेली लाल मातीची जमीन, विहीर व घर. चतुःसीमा येणेप्रमाणे: पूर्वेस नल्लतंबींचं तंबाखूचं शेत, पश्चिमेस पिळ्ळैयारचं, म्हणजे गणपतीचं, देऊळ, उत्तरेस समुद्राकडे जाणारा रस्ता, दक्षिणेस ताडाची रांग, चहूबाजूंनी काटेरी तार आणि मध्ये श्रीलंकेचं सैन्य. हे कूळ नव्वद साली आलं. भाडं देत नाही, घर सोडत नाही. युद्ध संपल्यावर मी भेटीला गेले, तर दरवाजावरचा अधिकारी फार सौजन्याने बोलला. "अम्मा, आत जाता येणार नाही. पण बाहेर आमचं भाजीचं दुकान आहे, तिथून काही घ्या." मी माझ्याच शेतातली वांगी विकत घेतली. वांगी चांगली होती. आमच्या मातीत वांगी चांगलीच होतात.

ही जमीन मी माझा मुलगा इनियन यास देते. कुगदासन यांनी तिच्यावर स्मारकाची कमान उभारण्याचा आराखडा करून घेतला आहे, तो त्यांनी गुंडाळून ठेवावा. त्यांना कमान उभारायची असेल तर स्वतःच्या वाट्याच्या जमिनीवर उभारावी. ती त्यांनी हॉटेल बांधणाऱ्याला विकली, हा माझा दोष नाही.

कलम तिसरे. माझ्या देवघरातील पितळी कुत्तुविळक्कू, म्हणजे उभी समई. ही दरवर्षी माझा धाकटा भाऊ पुवनेंद्रन याच्या नावाने लावावी. पुवनेंद्रनलाही स्वतंत्र राज्यच हवं होतं. पण तो दुसऱ्या संघटनेत होता, म्हणून त्याला शहाऐंशी साली सैन्याने नव्हे, आपल्याच मोठ्या चळवळीतल्या पोरांनी घरातून बोलावून नेलं आणि गल्लीच्या टोकाला गोळी घातली. स्कारबरोत वीरांच्या स्मृतीची दोन मंडळं आहेत; दोन्हींच्या यादीत त्याचं नाव नाही. मी एकदा विचारलं तेव्हा कुगदासन म्हणाले, "अण्णी, एकी टिकवायची असेल तर असले विषय काढायचे नसतात." हे ते ज्या वर्षी म्हणाले त्याच वर्षी त्यांचं मंडळ फुटलं.

इथे माझं स्वतःचं मत लिहून ठेवते, म्हणजे मागून कोणी मला सरकारची हस्तक ठरवू नये. त्र्याऐंशी साली कोलंबोत जमावाने मतदारयादी हातात घेऊन आमचं घर शोधलं आणि पेटवलं. मी इनियनला कडेवर घेऊन मागच्या भिंतीवरून उडी मारली. त्या दिवसापासून माझं म्हणणं एकच आहे: आपलं आपण ठरवायचा हक्क आपल्याला हवा. आजही हवा. मात्र कुगदासन स्वयंनिर्णयावर सभागृहात दोन-दोन तास बोलतात आणि घरी बायकोने कोणती साडी नेसायची तेही तेच ठरवतात. त्यांनी टोरोंटोत बसून भावी देशाचं मंत्रिमंडळ नेमलं, तेव्हा मत्स्यव्यवसाय खातं स्वतःकडे घेतलं. माणूस जन्माचा शाकाहारी. त्यांना तिकडे राहायला जायचंही नाही. थंडीच नसते म्हणे.

कलम चौथे. माझ्या मुलाचं छायाचित्र.

इनियन इथेच शिकला. मोडलेल्या हातापायांवर व्यायामाने उपचार करण्याचं त्याचं शिक्षण होतं. त्सुनामीनंतर तीन महिन्यांसाठी म्हणून तो उत्तरेकडे, चळवळीच्या ताब्यातल्या वन्नीत गेला आणि किळिनोच्चीत कृत्रिम पाय बसवायच्या कामाला लागला. फोनवर म्हणायचा, "अम्मा, इथे पाय नसलेल्या माणसांची रांग संपतच नाही. मी कसा येऊ?" तीन महिन्यांची चार वर्षं झाली. मग युद्ध शेवटाला आलं आणि फोन बंद झाला.

पुढचं मला सुदर्मतीने सांगितलं. तिचा डावा पाय इनियनने बसवला होता. दोन हजार नऊच्या मे महिन्यात वट्टुवागल पुलाच्या पलीकडे सैन्याने कर्ण्यावरून सांगितलं, "चळवळीसाठी एक दिवस जरी काम केलं असेल त्यांनी पुढे यावं, चौकशी करून सोडून देऊ." लोक एकमेकांकडे पाहू लागले. सुदर्मती त्याला म्हणाली, "तंबी, तू कुठे लढलास? गप्प बस की." तो म्हणाला, "अक्का, मी चार वर्षं काम केलंय. खोटं कशाला बोलू?" त्याने पाण्याची बाटली तिला दिली आणि पुढे गेला. त्याचं नाव लिहून घेतलं, बसमध्ये बसवलं. बस निघताना तिने पाहिली. त्यानंतर त्याला कोणी पाहिलेलं नाही.

पाच वर्षांनी, नोव्हेंबरातल्या वीरदिनी, मी सभागृहात शिरले तर समोर फुलांच्या माळेत माझा मुलगा. अंगात चळवळीचा पट्ट्यापट्ट्यांचा गणवेश, खाली "मेजर इनियन". मला क्षणभर वाटलं, आपल्या चष्म्याची काच बदलायला हवी. मग कुगदासन हसत पुढे आले.

"कुगा, हे काय आहे?"

"मान आहे हा, अण्णी. पोरांनी कंप्युटरवर काय सुंदर केलंय बघा. चेहरा अगदी त्याचाच आहे."

"आणि गळ्याखालचा माणूस कोणाचा?"

"तो... असेल कुणाचा तरी. लढवय्याचाच आहे."

"त्या कुणाच्या तरी आईला विचारलंस?"

"हळू बोला, लोक बघतायत. पाच वर्षं झाली, अण्णी. वस्तुस्थिती मान्य करायला शिका."

"वस्तुस्थिती? हे मला मत्स्यव्यवसाय मंत्री सांगतात?"

मी खुर्चीवर चढले. तेव्हा गुडघे बरे होते. छायाचित्र उतरवलं, माळ काढून कुगदासन यांच्या हातात दिली आणि काखेत फ्रेम घेऊन चालू लागले. मागून कोणीतरी "द्रोही" म्हणालं. आवाज ओळखीचा होता. त्या पोराला मी तीन वर्षं शनिवारच्या वर्गात तमिळ शिकवलं होतं, म्हणून उच्चार तरी शुद्ध होता. घरी येऊन मी दार लावलं आणि पहिल्यांदा रडले. माझ्या मुलाला मारायला पाच वर्षं कोणाचीच हिंमत होत नव्हती, ती घरच्यांनीच केली.

दुसऱ्या दिवशी दुसऱ्या मंडळाचे लोक मिठाई घेऊन आले. "अम्मा, त्यांनी तुमचा अपमान केला. आमच्याकडे या. आम्ही इनियनला लेफ्टनंट कर्नल करतो." मी त्यांना चहा दिला. मिठाई परत दिली.

सबब, माझ्या पश्चात कोणत्याही मंडळाने, जुन्या, नव्या किंवा उद्या फुटून निघणाऱ्या, माझ्या मुलाला गणवेश घालू नये, हुद्दा देऊ नये, त्याच्या नावाने ज्योत लावू नये व वर्गणी मागू नये. त्याचं खरं छायाचित्र, निळ्या सदऱ्यातलं, हातात अर्धवट तासलेला लाकडी पाय असलेलं, वानदीच्या दिवाणखान्यात राहील. त्याला हार घालायचा नाही.

कलम पाचवे. सरकारसंबंधी. गेल्या वर्षी जाफन्यात एका कचेरीत मला बोलावलं. टेबलापलीकडचा साहेब तरुण आणि सभ्य होता. तमिळ उत्तम बोलत होता. म्हणाला, "अम्मा, मृत्यूचा दाखला घेतलात तर पुढची सगळी कामं सोपी होतील."

"तारीख कोणती लिहिणार?"

"ती तुम्हीच सांगायची."

"मी कशी सांगू? तो तुमच्याकडे होता."

त्याने खणातून दुसरा छापील कागद काढला. मग म्हणाला, "मृत्यूचा नको असेल तर गैरहजेरीचा दाखला देता येईल."

"गैरहजेरीचा? तो शाळेला दांडी मारून गेला नाही, साहेब. त्याचं नाव विचारून, लिहून घेऊन, बसमध्ये बसवून नेलाय."

सहीसाठी पुढे केलेलं पेन मी त्याच्याकडे परत सरकवलं. बाहेर रस्त्याच्या कडेला मांडवात बायका आपापल्या मुलांचे फोटो मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्यात सुदर्मती होती. तिचा नवरा त्याच बसमध्ये होता. मी तिच्या शेजारी संध्याकाळपर्यंत बसले. तिथे कोणी भाषण केलं नाही. मी परदेशातून आलेय म्हणून एकीने मला पंख्याजवळची जागा दिली, एवढंच.

कलम सहावे. आमचे वकील चंद्रहासन यांचं म्हणणं असं की, मयिलिट्टीची जमीन इनियनला देताना "तो माझ्या आधी मृत झाला असल्यास" अशी ओळ घालावीच लागते. ती ओळ या लेखात येणार नाही. तिच्या जागी पुढील मजकूर घालावा: जमीन सैन्याने सोडल्यास वानदीने विहीर उपसून घ्यावी आणि शेत सुदर्मतीला कसायला द्यावं, इनियन आला की तिने ते त्याच्या हवाली करावं. तो मृत आहे असं मानण्यास एकच पुरावा चालेल. ती बस ज्यांच्या ताब्यात होती त्यांच्यापैकी कोणीतरी, स्वतःच्या नावानिशी, बस कुठे नेली, तिथे त्याचं काय केलं आणि कोणाच्या हुकुमाने केलं, हे सांगून सही करावी. तसा माणूस पुढे आला, तर त्या दिवशी माझ्या मुलाचं सुतक वानदीने धरावं. तोपर्यंत तो माझा वारस आहे.

साक्षीदारांविषयी. कुगदासन यांनी साक्षीदार म्हणून सही करण्यास नकार दिला, कारण दुसरी साक्षीदार सिंहली आहे. कुमारी वीरक्कोडी माझ्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहते. तिचा धाकटा भाऊ सैन्यात होता. त्याची पेटी कुरुणेगलला घरी आली ती खिळे ठोकून, उघडायची नाही असा हुकूम घेऊन. तिच्या आईने हुकूम पाळला आणि मरेपर्यंत ताट दोन जणांचं वाढलं. कालचा मसुदा वकिलांनी तिला इंग्रजीत समजावून सांगितला. सहावं कलम झाल्यावर तिने विचारलं, "असं लिहिलेलं चालतं?"

"कोर्टात टिकेल की नाही सांगता येत नाही," वकील म्हणाले. "पण लिहिता येतं."

"मग ते परत वाचा. सावकाश."

त्यांनी वाचलं. तिने पेन मागून घेतलं.

हा लेख मला वाचून दाखवला, तो माझ्या म्हणण्याप्रमाणे बरोबर आहे. खाली दोन्ही साक्षीदारांनी माझ्यासमोर व एकमेकांसमोर सह्या केल्या आहेत.

मंगैयर्करसी सिवपादम
(सही, तमिळमध्ये)

साक्षीदार:
१. कुमारी वीरक्कोडी (सही, सिंहलीमध्ये)
२. अ‍ॅड. तु. चंद्रहासन (सही)

स्थळ: स्कारबरो, टोरोंटो
दिनांक: १४ ऑक्टोबर २०१९