यंदा हातावर लिंबू नको

चिंचवड

अब्बांना गुलजारचा सलाम. मी खुशाल आहे, जेवण पोटभर मिळतं. तुमचा खोकला कसा आहे? धाकटा जहीर दांडपट्ट्याचा सराव करतो ना?

कंपनीत हातोड्याचं काम आहे. सवयीनं मी हातोडाही पट्ट्यासारखाच चालवायचो, मनगट ताठ आणि सगळा जोर खांद्यावर. फोरमन उद्धवराव म्हणाले, "अरे राव, पत्रा सरळ करायचाय, गड नाही जिंकायचा!" सगळे हसले. आता शिकलोय, पण खांदा जरा दमलाय.

मोहरमला सुट्टी मिळाली, येतोच आहे. पण अब्बा, दर साली तुमच्या तळहातावरचं लिंबू मी पट्ट्यानं कापतो, ते यंदा नको. परवा इथं विटेवर लिंबू ठेवून काठीनं वार करून बघितला. लिंबू तसंच राहिलं, विटेचा कोपरा उडाला.

तुम्ही म्हणाल, उस्तादानं हात मागं घेतला तर गाव हसेल. हसू द्या. जहीरचा खांदा ताजा आहे, त्याच्यापुढं हात धरा, मी ताशा वाजवीन.

माझ्यापुढं धरलात, तर सगळ्यांदेखत पट्टा उतरवून ठेवीन.

तुमचा,
गुलजार