पंचमी विभक्तीतले भाऊजी

तीर्थरूप भाऊजींना, सुरक्षित अंतरावरून साष्टांग नमस्कार.

आपला रक्तदाब आटोक्यात असेल, कार्यालयातल्या फायली आपल्या धाकात असतील आणि ताई आपल्याशी बोलत असेल, अशी आशा करतो. (तिसऱ्या बाबतीत आशा जरा कमीच.) माझं म्हणाल तर डोळ्यांची सूज उतरली आहे, उजव्या डोळ्याने वर्तमानपत्राचे मथळे वाचता येतात. डोळ्यांना काय झालं हे आपण विचारणार नाही, म्हणून न विचारताच सांगतो.

आपली कन्या, म्हणजे माझी भाची, येत्या रविवारी पन्नास किलोमीटरच्या शर्यतीत धावणार होती. ('होती' हा भूतकाळ आपल्या कृपेने.) सरावासाठी ती सकाळी कालव्याच्या रस्त्याने, दगडखाणीच्या पलीकडे जाते, जिथे तासभर माणूस दृष्टीस पडत नाही. पण जाते ती सगळे नियम पाळून. कानात गाणी नाहीत, गळ्यात शिट्टी, खिशात तिखटाचा फवारा, अधूनमधून वेगळा रस्ता, आणि निघण्याआधी फ्रिजवर चिठ्ठी, की आज कुठून जाणार आणि किती वाजता परतणार. अशी चिठ्ठी विश्वासातल्या एकाच माणसासाठी ठेवायची असते म्हणे. तिने आपल्याला निवडलं. (पोरगी हुशार आहे, चुका मोजक्याच करते.)

तर गेले तीन आठवडे काळं हेल्मेट घातलेला एक स्कूटरवाला शंभर पावलांवरून तिच्या मागे असायचा. ती थांबली की थांबायचा, वळली की वळायचा. तिने वेळ बदलून पाहिली, रस्ता बदलून पाहिला, तर हा तिथे आधीच हजर. पोरीची झोप उडाली. तिने आपल्याला सांगितलं तेव्हा आपण वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता म्हणालात, "तरी मी सांगत होतो. बंद कर ते धावणं." मग तिने शर्यतीतून नाव काढून घेण्याचा अर्ज लिहिला आणि शुद्धलेखन तपासायला माझ्याकडे आणला. (घरात संस्कृतचा मास्तर असल्याचा एवढाच काय तो उपयोग.) अर्जात एकही चूक सापडेना, म्हणून मला जास्तच राग आला. म्हटलं, उद्या मी येतो.

दुसऱ्या दिवशी मी, वय वर्षे बावन्न, शेजाऱ्याची सायकल आणि भाचीचा फवारा घेऊन खाणीजवळ दगडांच्या ढिगाआड दबा धरून बसलो. ती पुढे धावत गेली, मागून स्कूटर आली आणि मी रस्त्यात उडी मारली. "थांब" म्हणायचं होतं, पण घाबरल्यामुळे तोंडून "तिष्ठ! तिष्ठ!" असं गेलं. तो थांबला. (आज्ञार्थ तीस वर्षं शिकवला, पाळला कोणी तर यानेच.) मग मी फवारा मारला. तो कसा धरायचा हे डब्यावर छापलेलं असतं. वारा कुठून येतोय ते ज्याचं त्याने पाहायचं. मी आडवा झालो, जग लाल झालं, आणि कोणीतरी माझ्या डोळ्यांवर बाटलीतलं पाणी ओतत म्हणालं, "मामा, डोळे चोळू नका हो!"

भाऊजी, अनोळखी माणूस मला फार तर काका म्हणेल. मी मामा आहे हे याला कोणी सांगितलं?

तोवर भाची मागे फिरली होती. तिने त्याला हेल्मेट काढायला लावलं. आत आपल्या कार्यालयाचा ड्रायव्हर. बिचारा रडवेला झाला होता. "साहेबांचा हुकूम आहे मॅडम. दिसायचं नाही, पण नजर सोडायची नाही. रोज सकाळी तुमच्या चिठ्ठीचा फोटो पाठवतात." भाची दगडावर बसली आणि बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधत राहिली, तीनदा.

संस्कृतात भिणं आणि रक्षण करणं, दोन्ही क्रियापदांना पंचमी लागते. ज्याच्यापासून भ्यायचं तोही पंचमीत, ज्याच्यापासून वाचवायचं तोही पंचमीत. पोरं विचारतात, सर, असं का? इतकी वर्षं मला उत्तर देता येत नव्हतं. आपली काळजी खरी असेल. पण पोरगी भ्यालेली आहे हे कळल्यावरही आपण गप्प बसलात, कारण त्या भीतीने आपलं काम परस्पर होत होतं. तिथे आपली विभक्ती ठरली.

अर्ज तिने फाडला. रविवारी ती धावणार आहे.

आपला (ही षष्ठी, संबंध दाखवणारी, नाइलाजाने)
मेहुणा

ता. क. ड्रायव्हरवर डाफरू नका. रविवारी तो पस्तिसाव्या किलोमीटरला पाणी वाटायला उभा राहणार आहे, हेल्मेट न घालता. त्यानेच होऊन विचारलं.

आणखी ता. क. खरं तर एवढ्यासाठीच पत्र लिहिलं. रविवारी आपणही या. शेवटच्या रेषेपलीकडे, समोर, तिला दिसाल असे उभे राहा. काही बोलायला हवं असं नाही, गप्प राहणं आपल्याला जमतंच. ती आपल्याकडे पाहील याची हमी मी देत नाही. आणि फ्रिजवर चिठ्ठी शोधू नका. ती आता माझ्याकडे येते.

शेवटचा ता. क. सोबत तिची शिट्टी पाठवतो आहे, तिला आता नको आहे. त्या ओसाडीत ही वाजवून येणार कोण, असं मी तिला त्या दिवशी निघताना विचारलं होतं. म्हणाली, "कोणी नाही आलं तरी मी कुठे आहे ते बाबांना माहीत असतं ना, मामा."