आईच्या मौनाचा अर्थ, दहा गुण

हट्टा, ता. वसमत

प्रिय आकांक्षा,

जयभीम, आणि वर एक पापी. फोन उचलत नाहीस म्हणून कागदावर आले. सुट्टीत घरी येणार नाही, नागपुरातच मैत्रिणीकडे राहणार, हे तू पप्पांना कळवलंस आणि मला नाही. त्याबद्दल मी आत्ता काही बोलत नाही. माझी अडचण वेगळीच आहे, आणि ती तूच सोडवशील, कारण या घरात शिकलेलं माणूस म्हणजे तू. मी आहे खरी मुक्त विद्यापीठाच्या बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला, पण सध्या माझं डोकं ठिकाणावर नाही.

आम्हाला मराठीच्या पेपरला एक कथा नेमली आहे. चारच पानं. मुलगी सासरी निघाली आहे, बैलगाडी जुंपलेली, सगळं गाव वेशीपर्यंत आलेलं, आणि तिची आई ओसरीवर सूप घेऊन ज्वारी पाखडत बसलेली. ती मान वर करत नाही. गाडी निघून जाते आणि कथा संपते. झालं एवढंच. खाली स्वाध्यायाचा प्रश्न आहे, आईच्या मौनाचा अर्थ स्पष्ट करा, दहा गुण. अंगणवाडी सुटली की मी रोज ही कथा वाचते आणि रोज मला त्या बाईचा राग येतो. एकदा मान वर केली असती तर हिचं काय जात होतं?

वसमतच्या अभ्यासकेंद्रावर माझ्याबरोबर शितल नावाची पोरगी आहे. तुझ्याच वयाची, मला मावशी म्हणते. ती म्हणाली, मावशी, पुस्तक कोण वाचून राहिलंय आता, मोबाईलवर गाईड असतेत, त्यातलं एखादं धरा अन् मोकळ्या व्हा. आता एखादं म्हणजे कोणतं, ते तिनं सांगितलं नाही. मी कथेचं नाव टाकलं तर ही रांग लागली. बाजारात वांगी दाबून बघता येतात, हे कसं दाबून बघायचं? शेवटी जो व्हिडिओ जास्त लोकांनी पाहिला होता तो धरला. त्यातल्या बाईंचा आवाज फार गोड. त्यांनी नावाड्याचं एकाकीपण इतकं सुंदर समजावलं की मी भराभर उतरवून घेतलं. मग पुस्तकात नावाडी शोधत बसले. पहिल्या पानावर नाही, चौथ्यावर नाही. मला वाटलं, आपल्यालाच वाचता येत नाही, शिकलेल्यांना दिसतो तो नावाडी आपल्याला दिसत नाही. एक पूर्ण आठवडा मी त्या नावाड्याच्या मागे होते. नंतर शितलनं पाहिलं तर ती नावानं सारखी, पण दुसऱ्याच विद्यापीठाची दुसरीच कथा होती. हस, हस. पप्पा अजून मला नावाडी कुठपर्यंत आला म्हणून विचारतात.

मग एक सर धरले. ते दर दोन वाक्यांनी मित्रांनो म्हणतात आणि मागे ढोलकी वाजत असते. त्यांच्या मते ती आई म्हणजे दुःखानं दगड झालेली बाई. दुसऱ्या एका ठिकाणी छापील मुद्दे होते. तिथं ती आई परंपरेची बळी, तिला बोलायचा हक्कच नाही. तिसऱ्यात लिहिलंय की ती आतून समाधानी आहे, लेक चांगल्या घरी पडली म्हणून. एकच बाई, एकच सूप, आणि ही एवढी माणसं तिच्याबद्दल छातीठोक सांगतात. मी पप्पांना वाचून दाखवलं. ते ऑटोचं चाक खोलून बसले होते. म्हणाले, अगं तिला काम व्हतं म्हणून ती पाखडत व्हती, पाहुणे जेवायचे व्हते, ह्यात दहा मार्काचं काय हाय. खरं सांगू, मला तेच त्यातल्या त्यात बरोबर वाटलं. पण ते लिहिलं तर कोण गुण देईल?

तुझी आठवण रोज येते, हे मध्येच लिहिते. तुझ्या खोलीत मी पुस्तकं मांडली आहेत, रागावू नकोस. मागच्या फोनवर तू म्हणालीस, स्टँडवर सगळ्यांच्या आया रडत व्हत्या अन् तू कंडक्टरशी भांडत व्हतीस, तुला काय फरक पडला मी गेले तर. मी तेव्हा गप्प बसले आणि तू फोन ठेवलास. ते असो.

शेवटी शितलनं ते प्रश्नांची उत्तरं देणारं ॲप माझ्या मोबाईलवर टाकून दिलं. फार सभ्य आहे ते. आधी म्हणालं, आईचं मौन म्हणजे हतबलता. मी लिहिलं, मला नाही पटत. त्यानं लगेच माफी मागितली आणि म्हणालं, तुमचं बरोबर आहे, आईचं मौन म्हणजे तिची ताकद. अरे, मग आधीचं काय होतं? एवढं पटकन मत बदलणाऱ्याचा विश्वास कसा धरायचा? मी परत नाही म्हटलं, तर त्यानं मलाच विचारलं की, तुम्हाला स्वतःला काय वाटतं, ती आई मान वर का करत नसेल? मी मोबाईल पालथा ठेवला आणि भाकरी थापायला गेले.

आकांक्षा, नागपूरला निघताना हिंगोलीच्या स्टँडवर तू खिडकीतून हात बाहेर काढलास आणि माझं बोट धरलंस. घट्ट धरलंस. मी ते सोडवून घेतलं आणि म्हणाले, हात आत घे, लागंल. मग मी पुढे जाऊन तुझ्या बॅगेवरून त्या कंडक्टरशी उगाच भांडले. त्या बिचाऱ्याची काही चूक नव्हती. तुझं तोंड मला दिसत होतं. मी तुझ्याकडे एकदा जरी नीट पाहिलं असतं ना, तर माझ्या डोळ्यांत पाणी आलं असतं, आणि ते पाहून तू खाली उतरली असतीस. तू उतरणार हे मला पक्कं माहीत होतं. आणि तू उतरली असतीस तर तुला परत चढवायची हिंमत माझ्यात नव्हती. मी तुला घरी घेऊन आले असते, बाळा. स्वाध्यायात मी त्या ढोलकीवाल्या सरांचंच उत्तर उतरवून दिलंय, मिळतील ते गुण मिळू देत. हे उत्तर तिथं द्यायचं नव्हतं, तुला द्यायचं होतं. आता सुट्टीत ये. या खेपेला मी स्टँडवर सगळ्यांच्या देखत रडणार आहे, आणि तू बसमधून उतरायचं नाहीस.

तुझीच,
आई