तुझ्या तिसऱ्या बाटलीबद्दल

हमरापूर, रविवार

चि. सौ. नूतन हिस थोरल्या बहिणीचे आशीर्वाद. (रागात असले तरी आशीर्वादात काटछाट करत नाही, तेवढी रीत मला आहे.) इकडे सर्व कुशल, एक माझा उजवा डोळा सोडून. प्रणितरावांचा गुडघा कसा आहे? रोहा-अष्टमीतलं तुझं पार्लर जोरात चालत असेलच. सख्ख्या बहिणीच्या तोंडावर हात बसल्यावर बाकीच्या बायका काय अवघड! फोनच केला असता, पण फोनवर तू मला बोलू देत नाहीस. ओळी तिरक्या गेल्यात त्या एका डोळ्याने लिहिते आहे म्हणून.

तर सुरुवात तू केलीस. शकूमावशीच्या नातवाच्या बारशाला चारचौघींत माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलंस आणि म्हणालीस, "तायडे, किती वांग आलाय गो गालांवर!" ज्या बायकांना दहा वर्षांत तो वांग दिसला नव्हता, त्या पेढा तोंडात तसाच धरून बघायला लागल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वर आठवड्याने तीन बाटल्या पाठवल्यास. व्हिटॅमिन सी सीरम. एक दहा टक्के, एक पंधरा, एक वीस. सोबत चिठ्ठी, की तुला कुठलं मानवतं ते तूच ठरव. कसं ठरव? बाटलीवरची अक्षरं मुंगीएवढी, तीही इंग्रजी. मला एकच पद्धत येते, बाबांनी गणपतीच्या कारखान्यात शिकवलेली. नवा रंग आला की मोडक्या मूर्तीच्या हातावर पट्टे ओढायचे, सुकू द्यायचे, मग निवडायचा. मोडकी मूर्ती म्हणून मी माझं तोंड घेतलं. कपाळाला पहिली बाटली, डाव्या गालाला दुसरी, उजव्याला तिसरी.

आता नीट वाच. पहिली बाटली पाण्यासारखी, दुसरी किंचित पिवळट आणि तिसरी थेट कोऱ्या चहासारखी. आमच्या कारखान्यात जो रंग गडद तो पक्का, हे शेंबडं पोरही सांगेल. मी तिसरी पास केली. झोंबत होती, पण झोंबतंय म्हणजे लागू पडतंय असं मी धरून चालले (तुझ्याकडच्या बायका भुवया कोरून घेताना रडतात, त्याही पुन्हा येतातच ना). डोळ्याखालचा काळेपणा राहिला होता, तिथे गणपतीचे डोळे रेखायचा, आखणीचा बारीक ब्रश घेतला. एक हात मारला, तो सुकल्यावर दुसरा मारला. सकाळी उजवा गाल शेंदरी आणि डोळा बंद! आमचे हे (दिनानाथराव, तुझे लाडके भावोजी) चहाचा कप हातात घेऊन बघत राहिले आणि म्हणाले, "काय गो सरू, उजवी बाजू कुणाच्या ऑर्डरची?" त्या माणसाशी मी तीन दिवस बोललेली नाय.

पेणच्या डॉक्टरने बाटली बघितली आणि माझ्याकडे असं बघितलं, जशी काही मी ती प्यायलेच. म्हणाला, तपकिरी झालेलं सीरम खराब झालेलं असतं, ते फेकायचं. उन्हात ठेवलं होतं का, असंही विचारलं. मी कुठे ठेवलं? तुझ्या काचेच्या शोकेसमध्ये, भर पश्चिमेच्या उन्हात, शोभेला कोण ठेवतं? तुला रंगाची नजर आहे, नूतन. गेरूच्या दोन छटा तू लांबून ओळखायचीस. ती बाटली पिशवीत भरताना तुला दिसली नाही? का तायडीला काय कळतंय म्हणून खपवलीस? ह्याचा मला सगळ्यात जास्त राग आलाय. डोळा बरा होईल, राग होणार नाही.

डॉक्टरने दहा दिवस बारीक काम बंद सांगितलंय. गुरुवारी मूर्ती न्यायला टेम्पो येणार. बत्तीस गणपती रंगून, दागिने चढवून तयार आहेत आणि एकालाही डोळे नाहीत. एका डोळ्याने पत्र लिहिता येतं, आखणी होत नाही; ब्रश टेकला की नाही तेच समजत नाही. ह्यांनी काल एका मूर्तीवर प्रयत्न केला. तिच्यावर कापड टाकून ठेवलंय.

असो. प्रणितरावांना नमस्कार. तुझी (अजून तरी) ताई, सरू.

ता. क. रोह्यात चांगली आखणी करणारं कुणी असेल तर कळव.

ता. क. २. कुणी नाही हे मला माहीत आहे. पेणमध्येही विचारलं, सगळ्यांचे हात अडकलेत. आणि बाबा म्हणायचे तसा हात दोघींत एकीचाच होता, तो माझा नव्हे.

ता. क. ३. सहा वर्षांपूर्वी गिऱ्हाइकांसमोर तू आखलेले डोळे मी ओल्या फडक्याने पुसले आणि वाकडे आहेत म्हणाले. त्या दिवसापासून तू कारखान्याची पायरी चढली नाहीस. ते वाकडे नव्हते. ते माझ्यापेक्षा चांगले होते, म्हणून पुसले. पत्र घेऊन आलेल्या इंदुबाई दुपारच्या एसटीने परत निघतील. त्यांच्याबरोबर ये.