माझ्या जागेवर बिट्टी

१२ एप्रिल
चि. धाकटीस,
अ. आ.
शाळेच्या मागच्या पायरीवर बसून तू माझी शाईची बोटं थुंकी लावून पुसायचीस, सिस्टरांना दिसू नयेत म्हणून. काल ऑफिसात हात धुताना आठवलं आणि एकटीच हसले.
तुझं काम झालं. जूनमध्ये मी निवृत्त झाले की नकाशे गिरवायला माझ्या जागी तुझ्या बिट्टीला घेतील. साहेबांना तिची चित्रं आवडली. फक्त रेघ जरा हलते म्हणाले, स्वतःचं काहीतरी सांगते. सहा महिन्यांत बसेल.
माझीही बसली होती.
तुझी ताई

१७ एप्रिल
ती. ताईस,
सा. न. वि. वि.
देवासारखी धावलीस! हे म्हणतात, चित्रं काढून कुणाचं पोट भरलंय? आता घरात शांतता आहे. कलाशाळेत तिला प्रवेश मिळाल्याचं पत्र आलंय, पण ते मी कपाटात कपड्यांखाली ठेवलंय. महिनाअखेरीची मुदत टळली की सुटलो. तिला अजून यातलं काहीच सांगितलं नाही. ती विचारत होती, मावशी घरी अजून चित्रं काढते का? मी हो म्हटलं. खोटं बोलले का गं?
तुझी धाकटी

२१ एप्रिल
चि. धाकटीस,
अ. आ.
खोटंच बोललीस. रविवारी कोरा कागद घेऊन खिडकीतलं झाड काढायला बसले. हात नुसता कागदावर फिरत राहिला, गिरवायला काही सापडतंय का ते शोधत. खाली दुसऱ्याची रेघ नसेल तर मला रेघ ओढता येत नाही गं. एकतीस वर्षं झाली. बाप म्हणून अण्णांनीही मला तिथे मायेनंच चिकटवलं होतं. चित्रकलेच्या जवळचंच काम आहे म्हणाले होते.
आज साहेबांना सांगितलं, बिट्टी येणार नाही. त्यांनी चष्मा काढून विचारलं, मग कोण? म्हटलं, मीच, आणखी दोन वर्षं. खुर्ची रिकामी दिसली तर तुझे हे तिला पुन्हा तिथेच पाठवतील. साहेब खूश झाले. मी जागेवर येऊन शाईची बाटली उघडली.
रागावलीस तरी माया पातळ करू नकोस.
ताई

ता. क. सोबतच्या पार्सलमधली निळी शाल तुला. निरोप समारंभासाठी घेतली होती. ड्रॉइंग बोर्ड आणि ब्रश बिट्टीला. तिच्या बाबांना माझा नमस्कार, आणि चिडले तर दोष द्यायला माझं नाव. कपाटातलं पत्र बिट्टीला. आजच दे, तिच्याच हातात.