चादरीचं दुसरं टोक

दि. ३ ऑक्टोबर

चि. छकुलीस,
अनेक आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक. तुझ्या काकांनी प्लंबरला न बोलावता स्वतःच पान्हा हातात घेतला, त्यामुळे मी सध्या घोट्यापर्यंत पाण्यात उभी राहून भाजी चिरते. हसू नकोस.

तुझं पत्र मिळालं. हवा, खोली, शेजारीण, सगळं लिहिलंस, पण लंबूचं नाव नाही. एरवी पत्रागणिक लंबू असायची. लंबूने रुग्णालयाच्या लाँड्रीत आपल्याबरोबर कामाला लावलं, लंबूने घडी शिकवली, लंबू असं म्हणाली न् तसं हसली. मी काकांना म्हणायचे, हे भाचीचं पत्र की लंबूचं चरित्र! आणि या वेळी एक अक्षर नाही. भांडलात का? ती आजारी आहे का? माझ्या जिवाला घोर लागलाय. खरं काय ते लिही.

वाट पाहायला लावू नकोस.
तुझी मावशी


दि. ९ ऑक्टोबर

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्यापासून काही लपत नाही. लंबू ठणठणीत आहे. आजारी पडल्यासारखी मीच झालेय.

इथे चादरी साबणातून काढल्या की दोनदा साध्या पाण्यातून काढायच्या असतात. लवकर घरी जाता यावं म्हणून आम्ही दुसरं पाणी टाळायचो. मीसुद्धा. एकटी लंबू टाळायची नाही. मग अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांच्या पाठीवर पुरळ उठलं आणि लंबूने सरळ जाऊन मुकादमबाईंना सांगितलं. बाईंनी आमची खरडपट्टी काढली, लवकर सोडणं बंद झालं. तेव्हापासून इस्त्रीवाल्या ताईंचं फर्मान आहे की लंबूशी कुणी बोलायचं नाही आणि तिच्या चादरीचं दुसरं टोक धरायचं नाही.

पलंगाच्या मोठ्या चादरीची घडी एकटीला घालता येत नाही गं. टोक जमिनीला लागलं की चादर पुन्हा धुवायची. लंबूची जोडीदार मी. त्या सकाळी तिने नेहमीसारखी दोन टोकं माझ्यापुढे केली. ताई बघत होत्या. मी हात ॲप्रनच्या खिशात घातले.

तिने टोकं आपल्याकडे ओढून घेतली. आता तिच्या टेबलावर ढीग साचतो. तिला कायम करायचं की काढून टाकायचं ते महिनाअखेरीला ठरणार, आणि बाईंना एवढंच दिसतं की हिचं काम मागे पडतंय. मी तिची बाजू घेतली तर उद्या माझं टोक कोण धरेल? मी भित्री आहे, मावशी. डबा तसाच घरी परत आणते.

रागाव हवी तेवढी, पण माया पातळ करू नकोस.
तुझी छकुली


दि. १४ ऑक्टोबर

चि. छकुलीस,
आशीर्वाद आहेतच, पण आज आधी कान धरते.

तू भित्री आहेस हे मला काय नवीन? लहानपणी झुरळ दिसलं की टेबलावर चढायचीस आणि गृहपाठही तिथेच करायचीस. पण तुझ्या त्या भीतीने कुणाची नोकरी जात नव्हती. रात्रभर मला झोप नाही. जिने तुला कामाला लावलं तिचंच काम तुझ्यामुळे जाणार, हे मला पचत नाही बाई.

माझ्याकडे रडून काय उपयोग? आणि तिच्यापुढेही नुसती तोंडाची वाफ दवडू नकोस. आधी हात खिशातून काढ. ती झिडकारेल. झिडकारू दे, तिचा हक्क आहे.

मी लंबूला वेगळं पत्र टाकतेय. तुझी वकिली करायला नाही, तिची विचारपूस करायला.

जेवत जा. माया आहे तेवढीच आहे.
तुझी मावशी


दि. ३१ ऑक्टोबर

ती. मावशींना,
सा. न. वि. वि.

आपण कधी भेटलो नाही, तरी मी जेवते का, असं तुम्ही विचारलंत. तेव्हा इथे मला किती वाजले तेही कुणी सांगत नव्हतं.

तुमचं पत्र आलं त्याच आठवड्यात तुमची भाची माझ्या टेबलाशी आली आणि सगळ्यांदेखत दुसरं टोक उचललं. मी माझं टोक सोडून दिलं. चादर जमिनीवर पडली, ताई खो खो हसल्या, आणि खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. तिने चादर उचलली, पुन्हा धुतली, दोन्ही पाण्यांतून काढली, वाळवून आणली आणि समोर उभी राहिली. मी पुन्हा सोडली. ती पुन्हा धुवायला गेली. त्यानंतर मात्र मला सोडवेना.

आम्ही न बोलता ढीग उपसायला लागलो. मग तिच्याशीही बोलणं बंद झालं. तिचा चहाचा कप कचऱ्याच्या डब्यात सापडायचा. ती डोळे पुसायची, पण टेबल सोडलं नाही.

काल मुकादमबाईंनी सगळ्यांसमोर विचारलं की माझं काम मधे मागे का पडलं. तुमची भाची उठली आणि म्हणाली की माझं टोक तिने धरलं नव्हतं, आणि दुसरं पाणीही तिने टाळलं होतं. दुसऱ्या कुणाचं नाव घेतलं नाही. मला कायम केलं. तिचं कायम होणं मात्र लांबणीवर पडलंय, ठेवतील की नाही ठाऊक नाही. त्याची धास्ती आता आम्हा दोघींना आहे.

राग गेला का, असं तिने मला विचारलं. गेला नाही. टोकं पुढे करून मी उभी होते ते अजून सलतं, आणि तसं मी तिला सांगितलं. ती म्हणाली, बरं. घडी घालताना दोघींना चालत एकमेकींजवळ यावं लागतं, हाताला हात लागतो. आज तिचे हात पाण्यात राहून बर्फासारखे गार पडले होते. मी चादर टेबलावर ठेवली आणि ऊब येईपर्यंत ते धरून ठेवले.

तुमच्या लोभात मलाही जागा असू द्या.
तुमच्या भाचीची मैत्रीण,
लंबू