सत्यवतीची वही आणि कलम पाच

मी, उद्धव त्र्यंबक मोहरील, वय वर्षे चौऱ्याहत्तर, तत्त्वज्ञानाचा निवृत्त प्राध्यापक, राहणार रुक्मिणीनगर, अमरावती, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही भरीस न पडता हे लिहून ठेवतो. डॉ. गौरांग यांनी आजच मला तपासले. "सर, डोकं एकदम फिट आहे, बीपी मात्र वाढून राहिला," असे ते म्हणाले. तो का वाढतो ते कलम पाचमध्ये येईल.

एक. राहते घर माझ्या पश्चात मुलगा केदार व मुलगी चारुशीला यांनी निम्मे-निम्मे घ्यावे. केदार पुण्याहून येऊन ते विकायला काढील, हे मला ठाऊक आहे. विकावे, पण मागचे संत्र्याचे झाड तोडणाऱ्याला विकू नये. ते तुमच्या आईने वरूडहून आणले होते. आजवर त्याला एकही गोड संत्रे लागलेले नाही, तरीही.

दोन. बँकेत जे काही उरेल ते चारुशीलाचे. माझे पथ्यपाणी तिने घरी येऊन केले, केदारने फोनवरून केले.

तीन. लेखनाचे टेबल व खुर्ची ज्याला हवी त्याने न्यावी. टेबलाचा उजवा खण आधी माझ्यासमोर रिकामा करायचा आहे.

चार. जर्मन शब्दकोश प्रा. ओमप्रकाश तिवारी यांना द्यावा. नागपूरच्या चर्चासत्रात ते भर सभेत मला म्हणाले होते, "मोहरीलजी, ये बात आपकी नहीं लगती." त्यानंतर एकवीस वर्षे मी त्यांच्याशी बोललो नाही. त्यांचे बरोबर होते. हे त्यांना आपणहून सांगू नये, विचारले तर नाकारूही नये.

पाच. हे कलम तीनदा लिहून फाडले. माझे एकमेव पुस्तक एका जर्मन चिद्वादी, म्हणजे चैतन्यालाच मूळ मानणाऱ्या, तत्त्वज्ञाच्या तरुणपणच्या विचारांवर आहे. त्याचे नाव येथे घालत नाही. नोंदणी कार्यालयात त्यालाही वारस समजून आधार कार्ड मागतील, असे चारुशीला म्हणते. घरात तो जर्मनबुवाच. पुढे तो फार मोठा आणि अवघड झाला, पण तिशीच्या आत त्याने अपराध, कायदा आणि प्रेम यांवर काही टिपणे केली होती. धर्मावरची म्हणून लोक ती बाजूला ठेवतात. मी त्यांचा वेगळा अर्थ लावला आणि त्यासाठीच पुस्तकाला नाव मिळाले. तो अर्थ माझा नाही.

तो सत्यवती बुधाजी निमकर्डे हिचा आहे. अकोल्यात तिच्या वडिलांचे फुलांचे दुकान होते. ती माझी विद्यार्थिनी, पॅसेंजरने यायची, हार गुंफून बोटांवर दोऱ्याचे वळ असायचे. एका दुपारी म्हणाली, "सर, कायदा शिक्षा देऊन मोकळा होते. पन ज्याचं वाईट केलं त्याच्यापाशी गेल्याबिगर आपला जीव मोकळा होत नाही. दुसऱ्याचं जगनं मोडलं का आपलंच मोडते, असंच म्हनून राहिला ना हा?" वीस वर्षे मी जर्मनबुवा शिकवत होतो, मला हे सुचले नव्हते.

त्यावर तिने अख्खी वही भरली आणि मला तपासायला दिली. मग बुधाजी अंथरुणाला खिळले, तिचे येणे थांबले. पुढे ती वही मागायला आली, तेव्हा मी म्हणालो, "तू नेलीस की परत! गाडीत तर नाही विसरलीस?" वही तेव्हा माझ्या खणातच होती. पाच वर्षांनी पुस्तक निघाले.

सबब ती वही आणि पुस्तकाचे सर्व हक्क माझ्या पश्चात सत्यवतीला द्यावेत व नव्या आवृत्तीवर तिचे नाव छापावे.

हे वाचून चारुशीला म्हणाली, "म्हणजे तोंड दाखवायची वेळ येईल तेव्हा तुम्ही नसणार. बाबा, सोय चांगली केलीत." पोटची मुलगी वकील असू नये.

आज सकाळी अकोल्याला फोन लावला. सत्यवती आता शाळेत शिकवते. माझ्या पुस्तकाची तिला खबरही नव्हती. तिने सगळे ऐकून घेतले. मग म्हणाली, "म्हंजे वही मी हारपवली नवती? सर, मी तं तवापासून स्वतःलेच शिव्या देऊन राहिली. त्यापाई पुन्हा काही लिहिलंच नाही." मी माफी मागितली. "पोस्टानं पाठवू नका. हातानं आना," एवढे सांगून तिने फोन ठेवला.

सहा. उद्या सकाळच्या गाडीने मी अकोल्याला निघतो आहे. दारात काय बोलावे ते सुचत नाही. ती मला आत घेईल की उंबऱ्यावरूनच वही घेऊन दार लावील, ठाऊक नाही. पुस्तकावरचा तिचा हक्क आजपासूनच लागू, तसे पत्र प्रकाशकाला गेले आहे. वहीपुरते कलम पाच मात्र ती तिच्या हातात पडेपर्यंत कायम समजावे. वाटेत माझे काही बरेवाईट झालेच, तर पिशवीतली वही आधी अकोल्याला पोचवावी. मला अमरावतीला आणण्याची घाई करू नये.

ठिकाण: अमरावती
दिनांक: १२ फेब्रुवारी २०२५

सही: उद्धव त्र्यंबक मोहरील

आमच्या डोळ्यांदेखत सही झाली:
१. डॉ. गौरांग पाठक
२. माणिकबाई खंडारे, शेजारी